चष्मा काढून बसणाऱ्या बाई

आमच्या बाईंना काही झालं तरी आपल्या घरी येऊ द्यायचं नाही, हे मी त्या वर्षी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं. शाळेतल्या बाकीच्या सगळ्या शिक्षिका येऊन गेल्या, कुणी हळदीकुंकवाला, कुणी नुसतीच चकाट्या पिटायला. बाईंना मात्र मी कधी या म्हटलं नाही. कारण अगदी साधं होतं. माझा नवरा मला सोडून पुण्याला दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेला होता आणि ही गोष्ट मी माझ्याच घरात लपवून ठेवली होती.

घरात माणसं दोनच, मी आणि माझ्या सासूबाई. आईंना मी सांगितलं होतं की कंपनीनं ह्यांची पुण्याला बदली केलीय, काम फार आहे, रजा मिळत नाही. आईंसमोर मी अजून ‘हे’ म्हणत होते. मनातल्या मनात काय म्हणत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. आठ-दहा दिवसांनी एकदा मी आईंना सांगायची, तुम्ही झोपला होता तेव्हा फोन आला होता, ठीक आहेत, तुमची चौकशी करत होते. आई म्हणायच्या, बरं.

हे नाटक मी कशासाठी करत होते? आईंना कळलं असतं तर त्या दुसऱ्या दिवशी पिशवी भरून सांगोल्याला माझ्या धाकट्या दिराकडं निघून गेल्या असत्या. मुलगा टाकून गेलेल्या घरात सुनेचं अन्न खात बसणारी बाई नाही ती, असं मला वाटायचं. आणि आई गेल्या की शाळेतून आल्यावर कुलूप मीच उघडायचं, दिवा मीच लावायचा आणि जेवायलाही मी एकटीच. नवरा गेला तेव्हा मला राग आला होता. आई जातील या विचारानं मात्र घाम फुटायचा.

आणि बाई म्हणजे, तुम्हाला सांगते, कुणाच्याही दारात दोन मिनिटं उभ्या राहिल्या तरी त्या घरातलं कोण कुणाशी बोलत नाही हे बाहेर येऊन सांगणाऱ्या. ऐकीव नाही, चार वर्षं मी त्यांच्या जोडीला होते आणि हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

आमची शाळा पूर्व भागातली, मागच्या भिंतीपलीकडं दिवसभर यंत्रमागांची खटखट. दर मे महिन्यात आम्हा शिक्षकांना पटनोंदणीला फिरावं लागतं. म्हणजे दोघीदोघींनी गल्ल्या वाटून घ्यायच्या, घरोघर जायचं, पहिलीच्या वयाचं मूल आहे का विचारायचं आणि ते आपल्या शाळेत यावं म्हणून आईबापाच्या विनवण्या करायच्या. सोलापूरचा मे महिना आणि पायी फिरणं, त्यातून माझी जोडी बाईंशी. पहिल्या वर्षी सगळ्यांनी माझी कीव केली होती.

बाई उंच आणि काटकुळ्या. सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे पांढरे बूट, मुलं पीटीला घालतात तसले. लोक बघायचे, बाईंना त्याचं काही नव्हतं. हातात पुरुषी काळी छत्री. घरची भाषा तेलुगू, पण कानडी बायकांशी कानडी, मुसलमान वस्तीत दखनी, आणि रागावल्या की एकदम पुस्तकातली मराठी.

कुठल्याही दारात गेल्या की छातीवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, जरा दम घेऊ द्या हो. दमबिम काही लागलेला नसायचा. तीन मजले माझ्या आधी चढलेल्या असायच्या आणि मीच मागनं धापा टाकत यायची. पण ‘दम घेऊ द्या’ म्हटलं की माणूस मिनिटभर गप्प उभं राहिलं तरी कुणाला खटकत नाही. तेवढ्या मिनिटात त्यांचे डोळे घरभर फिरून यायचे. मग त्या पाणी मागायच्या. चहा कधी घेतला नाही. चहा सगळीकडं सारखाच करतात म्हणे, पाणी प्रत्येक घरात वेगळं येतं. आमच्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यामुळं ज्याचं त्याचं साठवण्याचं तंत्र. पिंपाच्या झाकणावर वीट ठेवलेली असेल तर घरात नुकतं धरून उभं राहणारं मूल आहे. पाणी द्यायला सून उठली आणि पेला कुठं आहे ते सासूला विचारावं लागलं, तर सून नवी आहे नाहीतर माहेरहून आजच आलीय. असलं सगळं.

पण घरात एक अक्षर बोलायच्या नाहीत. गल्लीच्या टोकाला सावली सापडली की छत्री मिटायच्या आणि मग सांगायच्या. मी पहिल्या आठवड्यात मनातल्या मनात हसत होते. दुसऱ्या आठवड्यात हसू गेलं.

एका चाळीत आम्ही गेलो. घरातली बाई टॉवेलच्या कारखान्यात कामाला जाणारी, केसात कापसाची तूस तशीच. मुलगी किती वर्षांची विचारलं तर म्हणाली चार. शाळेला अजून वेळ आहे, पुढच्या वर्षी बघू. मी वहीत चार लिहिलं. बाहेर आल्यावर बाईंनी वही माझ्या हातातनं घेतली, चारवर काट मारली आणि सहा लिहिलं.

मी म्हटलं, बाई, आई स्वतः सांगतेय की. तर त्या म्हणाल्या, "माणूस खोटं बोलतो, खिळा कशाला बोलेल?" दाराशेजारी कमरेएवढ्या उंचीवर एक खिळा होता म्हणे आणि त्याला किल्ली अडकवलेली. मी तो पाहिलाच नव्हता. मोठ्या माणसाला एवढ्या खाली खिळा लागत नाही. आणि चार वर्षांच्या पोरीच्या हाती कुणी घराची किल्ली देत नाही. शिवाय पिंपावर वीट होती. म्हणजे पोरगी सहा-सात वर्षांची, धाकटं भावंड सांभाळायला घरी ठेवलेली, आणि शाळेत घातली तर आईचं काम बंद पडणार.

मला वाटलं, आता बाई आत जाऊन तिला खडसावणार. त्या परत गेल्या खऱ्या, पण वयाचं काही बोलल्याच नाहीत. धाकट्यालाही पाठव म्हणाल्या, माझ्या वर्गात झोपेल. आणि खरोखर वर्षभर बाईंच्या टेबलाच्या पायांना साडीची झोळी बांधलेली होती, त्यात ते पोर झोपायचं आणि समोर ताई पाढे म्हणायची. तपासणीला साहेब आले तेव्हा बाईंनी झोळीवर नकाशा पांघरला. महाराष्ट्र मधूनमधून हलत होता, पण साहेबांनी विचारलं नाही.

आमच्या मुख्याध्यापकांचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. ते म्हणायचे, बाई सोलापुरात जन्मल्या, निम्म्या गावाला ओळखतात, त्यात काय एवढं. त्यांना त्या वेळी भाड्यानं घर हवं होतं. रेल्वे लाइनच्या पलीकडं एक रिकामा फ्लॅट त्यांनी बघून ठेवला होता आणि बाईंना आणि मला मुद्दाम तिथं घेऊन गेले. आधीचं बिऱ्हाड दोन महिन्यांपूर्वी गेलेलं. घरमालक बरोबर होता. घरात एक खुर्चीसुद्धा नव्हती. सर म्हणाले, सांगा आता.

बाईंनी दम घेतला नाही, कारण रिकाम्या घरात नाटकाची गरज नव्हती. सगळ्या खोल्यांतनं फिरल्या. आतल्या खोलीत भिंतीला नाक लावून इतका वेळ उभ्या होत्या की घरमालक अस्वस्थ झाला. मग म्हणाल्या, इथं कुणीतरी बरेच महिने अंथरुणाला खिळून होतं. बाई असावी. पण बरी होऊन गेली.

सरांनी विचारलं, अंथरुणाचं कळलं, खाटेच्या खुणा असतील, बरी झाली हे कशावरनं? बाईंनी त्यांना हाताला धरून भिंतीजवळ नेलं. खाटेच्या जागेपासून मोरीच्या दारापर्यंत भिंतीवर हातांचा मळकट पट्टा होता. नीट पाहिलं तर पट्टे दोन होते. खालचा जाड आणि काळपट, कुणीतरी वाकून सगळा भार भिंतीवर टाकून चालल्याचा. त्याच्या वर वीतभर अंतरावर दुसरा, पातळ, नुसत्या बोटांचा. आणि तो वरचा पट्टा अर्ध्या वाटेवरच थांबला होता. मोरीच्या बाजूची भिंत त्या उंचीवर कोरी होती. म्हणजे ती आधी वाकून चालली, मग सरळ होऊन चालली, आणि शेवटी शेवटी तिला निम्म्या वाटेनंतर भिंतीची गरज राहिली नाही. पट्ट्यात मधेमधे बांगड्यांचे ओरखडे होते, म्हणून बाई.

घरमालक म्हणाला, होय हो, भाडेकरूची बायको, खुब्याचं हाड मोडलं होतं, जाताना जिना स्वतः उतरून गेली. मी तर त्या भिंतीपाशी उभीच राहिले. एका अनोळखी बाईचं कित्येक महिन्यांचं दुखणं आणि बरं होणं भिंतीवर लिहिलेलं होतं आणि ते वाचणारं माणूस माझ्या शेजारी छत्री घेऊन उभं होतं. त्यांना घाबरावं की त्यांच्या पाया पडावं हेच मला कळेना.

सरांनी तो फ्लॅट घेतला आणि आत जाण्याआधी तिन्ही खोल्यांना रंग दिला. बाईंना जेवायला मात्र कधी बोलावलं नाही.

पण खरं सांगायचं तर ओळखीच्या माणसांनी त्यांना भ्यायचं काही कारण नव्हतं. बाईंचा स्वतःचाच एक नियम होता. कुणा ओळखीच्याच्या घरी जायची वेळ आली, लग्न, बारसं, दुखणं काहीही, तर त्या उंबऱ्यावरच चष्मा काढायच्या, डबीत घालायच्या आणि डबी पर्समध्ये. चष्म्याशिवाय त्यांना हाताच्या अंतरापलीकडचं सगळं धुरकट. मग यजमानीणबाईंनी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवायचं. लाडू समजून एकदा त्यांनी लिंबू उचललं होतं. नव्या माणसाला वाटायचं, ही काय थेरं. मला एकदा म्हणाल्या, कामावर असताना बघणं ठीक आहे, तिथं पोरांचा प्रश्न असतो. ओळखीच्यांनी मला चहाला बोलावलेलं असतं, वाचायला नाही.

आता म्हणाल, मग तुला एवढी भीती कशाची? अहो, माणूस चोरटं असलं की दुसऱ्याच्या नियमावर त्याचा विश्वास बसत नाही. चष्मा काढायच्या आधी एक सेकंद तरी त्या दारात उभ्या राहणारच. आणि त्यांना एक सेकंद पुरायचा.

त्यांचं नेहमीच बरोबर यायचं असं मात्र कुणी समजू नका. एकदा चुकल्या आणि ती चूक त्यांनी जन्मभर गळ्यात बांधून घेतली. मला ती त्यांनी एकदाच सांगितली, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून, बूट काढून पाय हवेला धरलेले असताना.

मी शाळेत यायच्या फार आधीची गोष्ट. एका घरात त्या पटनोंदणीला गेल्या. घर लख्ख. भिंतीवर हाताच्या उंचीला एक डाग नाही, कोपऱ्यात रेघोट्या नाहीत, खालचा खिळा नाही, कपाटाच्या खालच्या फळीवर काचेची भांडी. दारात घरची बाई उभी, बोलायला नाखूश. बाईंनी तिला फार विचारलंच नाही. घरानंच सगळं सांगितलंय अशा तोऱ्यात वहीत ‘मूल नाही’ लिहून पुढं गेल्या. दोन वर्षांनी त्या घरातली तीच बाई त्यांना दवाखान्याच्या रांगेत भेटली. कडेवर आठ वर्षांचा मुलगा होता. त्याला उभंच राहता येत नव्हतं.

"भिंतीला हात लागायला पोराला उभं तर राहता यायला हवं की," बाई म्हणाल्या. "मी त्याची दोन वर्षं खाल्ली."

त्यानंतर त्या कुठल्याही घरातनं ‘अजून कोण आहे घरात?’ असं दोनदा विचारल्याशिवाय उठल्या नाहीत. उत्तर दिसत असलं तरी विचारायच्या. आणि त्या मुलाकडं दर शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की डबा घेऊन जायच्या, त्याच्या खाटेवर बसून दोघं जेवायचे आणि मग शिकवायच्या. तो आता अकरावीत आहे. मोबाइलवर बाईंशी बुद्धिबळ खेळतो आणि त्यांना हरवतो. हरल्या की बाई मला फोन करून सांगतात, आवाजात इतका आनंद असतो की जिंकल्यासारखा.

बाई निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. त्यांचं स्वतःचं घर कसं असेल यावर आम्ही शाळेत किती पैजा लावल्या होत्या. कुणी म्हणे भिंतींना पडदे असतील, कुणी म्हणे एक खिळा सापडायचा नाही. निरोप समारंभाच्या दिवशी शाल, नारळ आणि भलंमोठं घड्याळ घेऊन त्यांना रिक्षानं सोडायला मीच गेले आणि पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. मीही तेवढ्यात दम घेतला. दोन खोल्या, साधं सगळं. ओट्यावर दोन कप पालथे घातलेले, दोन बशा, दोन खुर्च्या. मला एकदम भरून आलं. म्हटलं, बाई, कुणाची तरी वाट बघत असता का तुम्ही? कोण होतं? त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की खुर्चीवर बसल्या. एक कप घासायचा कंटाळा आला की दुसरा घेते, म्हणाल्या. चार वर्षांची माझी उमेदवारी अशी पाण्यात गेली.

आता बाई माझ्या घरी आल्या त्या दिवसाचं सांगते. नवरा गेल्याला आठ महिने झाले होते. पटनोंदणी संपत आली होती आणि एका जिन्यावरनं उतरताना माझा पाय मुरगळला. आठवडाभर घरी. पटनोंदणीच्या तक्त्यांवर दोघींच्या सह्या लागतात. बाईंचा फोन आला, उद्या दहाला येते, सही कर. मी म्हटलं, मीच येते रिक्षानं. त्या म्हणाल्या, वेडी का काय, पाय वर करून बस. आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी जे काही केलं ते आठवलं की अजून लाज वाटते. माळ्यावरनं त्याच्या जुन्या चपला काढल्या आणि दाराशी ठेवल्या. मोरीत मगमध्ये दाढीचा ब्रश आणि रेझर. वर्तमानपत्र खेळाच्या पानावर दुमडून टीपॉयवर. मग खिळ्याला शर्ट हवा म्हणून कपाट उघडलं. माझ्या आठवणीप्रमाणं त्याचे आठ-नऊ शर्ट मागं राहिले होते, सापडले तीन. नेले असतील मेल्यानं, म्हटलं. इस्त्रीचा शर्ट खिळ्याला कोण अडकवतं, बाई लगेच पकडतील, म्हणून मी तो चांगला चुरगाळला आणि घामाचा दिसावा म्हणून कॉलरला पाणी लावलं. लंगड्या पायानं हे सगळं चाललेलं. आई खाटेवर बसून बघत होत्या. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, धूळ झटकते. त्या म्हणाल्या, बरं. थोड्या वेळानं उठल्या, दाराशी गेल्या, त्या चपला ओल्या फडक्यानं पुसल्या आणि जोडी नीट लावून ठेवली. मुलाच्या चपला बघून आईला भरून आलं असणार, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना बाई आल्या. उंबऱ्याच्या अलीकडंच थांबल्या, चष्मा काढला, डबी मिटल्याचा टक् असा आवाज आला. मला धर गं, म्हणाल्या, काही दिसत नाही. चपला, शर्ट, खेळाचं पान, सगळ्यावरनं त्या धुरकट नजरेनं पुढं आल्या. माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, जरा वाईटही वाटलं. कॉलर इतकी छान जमली होती.

त्यांना आईंच्या खाटेवर बसवलं. आईंनी पाणी दिलं. दोघींचं जमलं की एकदम, सांगोल्याचं डाळिंब, मेंढरं, टँकर, बाईंना सगळ्यातलं माहीत. मग आई दूध आणायला खाली गेल्या. मी तक्ते पुढं ओढले आणि सह्या करायला लागले. बाईंचा हात शेजारी घडी घालून ठेवलेल्या वाकळेवर होता. वाकळ म्हणजे वरखाली जुनी लुगडी, आत घरातले विरलेले कपडे, आणि धावदोऱ्यानं शिवून एक केलेली. आई दिवाळीपासून ती शिवत होत्या, एक बाजू राहिली होती. बाईंची बोटं सहज फिरत होती, आपण बोलता बोलता पांघरूण चाचपतो तशी. मग ती एका जागी थांबली. पुढं गेली, परत त्याच जागी आली.

आत काय भरलंय गं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असतील जुनी लुगडी. बाईंनी माझा हात धरला आणि बोट तिथं टेकवलं. लुगड्याच्या खाली एक लांबट, ताठ पट्टी होती. कॉलर. तिच्या खाली वीतभर अंतरावर दुसरी. मग बाह्यांचे कफ. बटणं तेवढी कापून काढलेली.

"जुनं कापड मऊ पडतं," बाई हळूच म्हणाल्या. "हे कडक आहे." मी म्हटलं, मग काय झालं त्याला? माझा आवाज चढला होता.

"येणाऱ्या मुलाचे शर्ट आई कापत नाही गं."

मला आधी काही सुधरलंच नाही. मग एकदम लख्ख कळलं. आईंना ठाऊक होतं. कालपासून नाही, दिवाळीपासून. मी फोन आल्याचं सांगत होते आणि त्या समोर बसून त्याच्या शर्टांवर धावदोरा घालत होत्या. एवढा मोठा पुरावा माझ्या घरात रोज माझ्या डोळ्यांसमोर शिवला जात होता आणि मी, चार वर्षं बाईंच्या हाताखाली काढलेली, थंडीची सोय चाललीय म्हणून बघत होते. न बघणाऱ्या माणसाला मात्र बसल्याजागी कळलं. तेव्हा मला बाईंचं कौतुक वाटलं नाही, खरंच सांगते. कौतुक नंतर वाटलं, अजून वाटतं, आयुष्यभर वाटेल. त्या घटकेला फक्त संताप आला. मी म्हटलं, चष्मा काढला होतात ना तुम्ही?

"हात काढून ठेवता येत नाहीत," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा कानशिलापर्यंत लाल झाला होता. चुकलं माझं, म्हणाल्या, माझा नियम मोडला. छत्री चाचपून घेतली, उठल्या आणि मी उठायच्या आत भिंतीला धरून धरून बाहेर गेल्या. तक्ते तिथंच राहिले.

आई दूध घेऊन वर आल्या तेव्हा वाकळ माझ्या मांडीवर होती आणि माझं बोट त्या कॉलरवर. त्यांनी पाहिलं. पिशवी ओट्यावर ठेवली, हात पुसले आणि माझ्यासमोर खाली बसल्या. मी विचारलं, कधी कळलं? त्या म्हणाल्या, धाकट्यानं दसऱ्यालाच सांगितलं.

मग बोलला का नाहीत, मी म्हटलं. मला रडू फुटलं होतं. त्या रडत नव्हत्या.

"लेकाच्या घरात आई ऱ्हाती," त्या म्हणाल्या. "त्यो गेल्यावर हे घर तुजं. मग मी तुजी कोण? तू म्हणाली असतीस, जावा आता सांगोल्याला, तर मी काय बोलणार हुते? तू येऊन सांगायचीस, फोन आला हुता, ठीक हाय. म्या म्हटलं, जवर ही खोटं सांगतीया तवर हिला मला ठिवून घ्यायचं हाय. म्हून गप ऱ्हायले."

आठ महिने मी ज्या भीतीनं झोपले नव्हते तीच भीती घेऊन त्या पलीकडच्या खाटेवर जाग्या होत्या. कुठं जाणार आहात तुम्ही, एवढंच कसंबसं म्हटलं. मग उठले, लंगडत कपाटाशी गेले, दोन शर्ट काढले, खिळ्यावरचा तिसरा ओढला, आणि तिन्ही आणून त्यांच्या पुढ्यात टाकले.

आईंनी एकेक उचलून कापड बोटांत घेऊन पाहिलं. चुरगाळलेला होता तो मांडीवर पसरून हातानं सरळ केला.

"कात्री आन," म्हणाल्या. "एक बाजू ऱ्हायलीया अजून."